कुत्रं कुणाचं?



विरळणी सुरू आहे, सकाळी दव पडतंय, डाऊनीची भीती डोक्यावर आहे. त्यामुळं आज बागेवर लिहीन असं तुम्हाला वाटलं असेल. बागेचं पुढच्या नोंदीत. आज कुत्र्यावर लिहायचं आहे आणि जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या वस्तीवर खंड्या नावाचं कुत्रं आहे. पाच वर्षांचं. अर्धं कारवान, अर्धं गावठी. कारवान म्हणजे कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात तेच, लांब तोंडाचं, पोट खपाटीला गेलेलं, धावायला लागलं की नजर मागं पडते. मी ते विकत आणलेलं नाही. अथणीकडनं मेंढरं घेऊन येणारे एक तात्या दरवर्षी आमच्या मोकळ्या रानात आठ-दहा दिवस मेंढरं बसवतात. रानाला लेंडीखत होतं, त्यांना धान्य आणि थोडे पैसे मिळतात. जुना व्यवहार आहे, आमच्या वडलांपासूनचा. एका वर्षी त्यांच्या कुत्रीनं इथंच बांधाला पिल्लं घातली. कळप हलला, एक पिल्लू मागं राहिलं. आमच्या आईनं त्याला ताक-भाकरी घातली. झालं. ना पावती, ना नोंद, ना गळ्यात पट्टा.

आता माझी चूक सांगतो, कारण तिच्यामुळंच हे सगळं वाचायला लागलो.

दोन वर्षांमागं, याच दिवसांत, विरळणीची टोळी आली होती. त्यातल्या एका जोडप्याचा सहा-सात वर्षांचा पोरगा शेडच्या मागं खेळत होता. खंड्या भाकरी खात होता, पोरगा जवळ गेला, खंड्यानं पोटरी धरली. चार दात नीट उमटले होते, रक्त आलं होतं. बाप बागेतनं पळत आला. पोराला उचललं आणि मला पहिला प्रश्न विचारला तो हा, "मालक, कुत्रं कुणाचं?"

मी म्हणालो, "धनगराचं हाय. हितंच ऱ्हायलंय. तसं कुणाचंच न्हाई."

हे बोलायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आणि त्यातलं एक अक्षरही तसं खोटं नव्हतं. तेच जास्त लागतं मनाला.

आमच्या मंडळींनी पोराचा पाय मोटारीच्या पाण्याखाली धरून साबणानं धुतला, चांगली पंधरा मिनिटं. (हे लक्षात ठेवा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी.) मग जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. लस मिळाली. पण रक्त आलेल्या जखमेला नुसती लस पुरत नाही, जखमेच्या आत सिरमचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते तिथं नव्हतं, जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणाले. मुकादमाची जीप गेली, डिझेल मुकादमानं घातलं. मी बापाच्या हातात ५०० रुपये ठेवले. उपकार केल्यासारखे ठेवले. पुढच्या प्रत्येक डोसला त्या घरातल्या एकाची मजुरी बुडाली, त्याचा हिशोब मी केला नाही.

आणि गंमत बघा. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. म्हणून ते दहा दिवस मी खंड्याला साखळीला बांधलं. रोज पहाटे उठून पाणी पितंय का, भाकरी खातंय का, डोळे कसे आहेत बघत होतो. दहाव्या दिवशी आईनं देवापुढं नारळ फोडला. "कुणाचंच न्हाई" म्हणालेल्या कुत्र्यासाठी कोण एवढं करतं?

पोरगा चांगला आहे. यंदाही टोळीत आई-बापांबरोबर आलाय. खंड्यापासनं लांब राहतो.

तर त्यावर्षी जत्रेला माझा चुलतभाऊ आला होता. आमच्या भागातली पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यावर आहेत, सोनं-चांदी गाळायच्या कामाला पोरं देशभर पांगलीत. हा त्रिशूरकडं असतो, शहराबाहेर एका पंचायतीत घर घेतलंय, दारात कुत्रं आहे. त्याला मी ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "आमच्याकडं तुला असं म्हणता आलं नसतं."

केरळात १९९८ पासून पंचायत राज कायद्याखाली खास नियम आहेत, डुकरं आणि कुत्र्यांच्या परवान्याचे. म्हणजे तिथं खेड्यातल्या माणसानंही घरी कुत्रं ठेवलं तर ग्रामपंचायतीचा परवाना काढायचा. परवान्याला रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं. भाऊ म्हणाला, सगळेच काढतात असं नाही, पण पंचायत विचारते, आणि रजिस्टरमध्ये कुत्र्यापुढं माणसाचं नाव असतं. कुत्रं चावलं की पहिलं पान तेच उघडतात.

मी आमच्या ग्रामपंचायतीत चौकशी केली. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण जिभेला सवय नाही) हसले. म्हणाले, घरपट्टी वसूल होईना, आणि तुम्ही कुत्रंपट्टी काढताय. माणूस वाईट नाही. त्यांच्याकडं असलं रजिस्टरच नाही.

मग मला खोड लागली. जिथं जिथं आपली माणसं आहेत तिथं तिथं फोन करून विचारत सुटलो, तुमच्याकडं कुत्रं पाळायचं असेल तर काय करावं लागतं? काय काय ऐकायला मिळालं!

मुंबई-पुण्यात महापालिकेचा परवाना काढावा लागतो. मुंबईचा कायदा तर १८८८ सालचा. म्हणजे शंभर मैलांवरच्या फ्लॅटमधल्या पामेरियनला कागद आहे, आणि उघड्या रानात मोकळं फिरणाऱ्या, खरोखर चावू शकणाऱ्या खंड्याला नाही. पुतणी नोएडात नोकरीला आहे. तिथल्या प्राधिकरणानं मोबाइलवर नोंदणी सक्तीची केली आहे, आणि १ मार्च २०२३ पासून पाळलेल्या कुत्र्यानं कुणाला इजा केली तर मालकाला १०,००० रुपये दंड, वर दवाखान्याचा खर्च. शेजारच्या गाझियाबादनं २०२२ मध्येच पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळायला बंदी घातली. दोन शहरांच्या मध्ये एक रस्ता आहे म्हणे. रस्त्याच्या अलीकडं तेच कुत्रं दंडाचं, पलीकडं बंदीचं.

आपण म्हणतो राज्य बदललं की कायदा बदलतो. खरं म्हणजे वेस ओलांडली तरी बदलतो.

असं का, तेही वाचलं. घटनेत कामं वाटून दिलेली आहेत. पशुधन आणि जनावरांचे रोग हा विषय राज्यांकडं. ग्रामपंचायती-नगरपालिका राज्यांकडं. कोंडवाडेसुद्धा राज्यांकडं. जनावरांना क्रूरतेनं वागवू नये हा विषय मात्र केंद्र आणि राज्य दोघांकडं, म्हणून नसबंदीचे आणि लसीकरणाचे नियम दिल्लीहून येतात. आधी २००१ चे होते, आता २०२३ चे आहेत. पण तुमचं कुत्रं कुठल्या वहीत लिहायचं, हे ठरवणार स्थानिक संस्था. जिला जमलं तिनं केलं, जिला नाही जमलं तिनं सोडलं.

त्या २०२३ च्या नियमांत कुत्र्यांचे दोन वर्ग आहेत. एक पाळीव. त्याची लस, जंताचं औषध, नसबंदी सगळं मालकाकडं. दुसरं रस्त्यावरचं किंवा वसाहतीतलं, ज्याला घर नाही. त्याची जबाबदारी स्थानिक संस्थेकडं. वाचून झाल्यावर मी अंगणात बघितलं. खंड्या विहिरीच्या कठड्याला पडला होता. हा कुठल्या वर्गातला? घर आहे, पण घरात नाही. भाकरी आमची, पण रात्री फिरणं चार वस्त्यांवर. शेजारच्या वस्तीवर चोर आले तर तिथंही भुंकतो. खेड्यातली निम्मीअधिक कुत्री अशीच आहेत. नियम लिहिणाऱ्यानं एक फ्लॅट बघितला आणि एक फुटपाथ बघितला, मधली वस्ती बघितली नाही असं माझं मत झालंय.

आणि धनगराचं कुत्रं? त्याला तर पत्ताच नाही. तात्यांचा कळप अथणीकडनं निघतो, आमच्याकडं येतो, पुढं कृष्णाकाठी उसाच्या रानांत जातो, पावसाच्या आधी परत फिरतो. वर्षाला दोन राज्यं आणि पंचवीसेक ग्रामपंचायती होत असतील. चार कुत्री बरोबर. त्यांची नोंद कुठं करायची? तात्यांना मी हे विचारलं. तंबाखू मळत म्हणाले, "मालक, मेंढरांची नोंद मागत्यात, डाक्टर मागत्यात, बँकवाले मागत्यात. कुत्र्याची आजपत्तूर कुणीच मागितली न्हाई. तुमीच पयले."

मेंढरांना कानात टॅग असतो. आपल्या गाई-म्हशींनाही, बारा आकडी. २०२४ पासून टॅगशिवाय बाजारात खरेदी-विक्री नाही असं सरकारनं ठरवलं. माझी म्हैस शेजाऱ्याच्या मक्यात शिरली तर ती कोंडवाड्यात जाते आणि मी पैसे भरून सोडवून आणतो. तो गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा आहे. त्यात कोणती जनावरं येतात त्याची यादी वाचा कधी, हत्ती आहे, उंट आहे, गाढव, डुक्कर, शेळीचं करडू आहे. कुत्रं नाही. इंग्रजानं पिकाची काळजी केली, पोटरीची नाही.

बिबट्याच्या भागातले मित्र सांगतात, शेळी नेली तर पंचनामा होतो, कुत्रं नेलं तर कोण ढुंकून बघत नाही. आणि बिबट्या नेतो ते जास्त करून कुत्रंच. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये छापून आला. वजनाच्या हिशोबानं त्याच्या खाण्यात ३९ टक्के पाळीव कुत्री निघाली. एवढं मोठं काम हे जनावर आपल्यासाठी करतंय, राखणीचंही आणि आपल्या शेळीच्या जागी जीव द्यायचंही, आणि आपल्या एकाही कागदावर त्याचं नाव नाही.

आता कुणी म्हणेल, कायदा नाही असं कसं? आहे. सगळ्या देशाला एकच आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासनं माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड विधानात कलम २८९ होतं, दंड १,००० रुपयांपर्यंत. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९१ झालं, दंड ५,००० पर्यंत. महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ, सगळीकडं तेच.

पण त्यातला शब्द बघा. "ताब्यातल्या." आपण शेतकरी माणसं, ताबा या शब्दाचं वजन आपल्याला सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसतो दुसरा, आणि कोर्टात पंचवीस वर्षं ताबा कुणाचा यावर तारखा. जमिनीला निदान सातबारा तरी आहे. कुत्र्याला काय? त्या दिवशी तो बाप पोलिसात गेला असता तर मी तेच सांगितलं असतं, साहेब, धनगराचं कुत्रं आहे. धनगर कुठं? कर्नाटकात. आणि प्रकरण मिटलं असतं. केरळात मिटलं नसतं, कारण तिथं वही आहे. एका राज्यात वही आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढाच फरक, पण त्या पोराच्या बाजूनं बघितलं तर सगळा फरक तोच आहे.

भरपाईचंही तसंच. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये भटक्या कुत्र्याच्या चाव्याचा दरच ठरवून दिला. दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये, मांस निघालं असेल तर ०.२ सेंटीमीटर जखमेला किमान २०,०००. द्यायचे सरकारनं. केरळात चावा बसलेल्यांचे भरपाईचे अर्ज बघायला सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली होती. त्या पोराच्या पोटरीवर चार खुणा होत्या. हरियाणात खंड्या भटका ठरला असता तर ४०,००० झाले असते. आमच्या रानात ५०० झाले.

आता जातीच्या बंदीबद्दल. हा विषय सध्या सगळीकडं चालतो म्हणून बोलतो, नाहीतर आमच्या वस्तीला त्याचा उपयोग नाही. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं सगळ्या राज्यांना पत्र काढलं. तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री बंद करा, परवाने देऊ नका, आहेत त्यांची नसबंदी करा. महिनाभरात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. ज्यांना विचारायला पाहिजे होतं त्यांना विचारलंच नाही म्हणून. मग गोव्यानं आपला वेगळा रस्ता धरला. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तिथल्या विधानसभेनं हिंस्र जनावरांची पैदास आणि पाळणं यावर विधेयक मंजूर केलं, मालकाकडनं भरपाईची तरतूदही त्यात आहे.

त्या तेवीस जातींची यादी मी वाचली. पिटबुल, रॉटवायलर आपल्याला माहीत आहेत. पण त्यात कंगाल आहे, अकबाश आहे, कॉकेशियन शेफर्ड आहे. ही कोण? तुर्कस्तानातली आणि त्याच्या वरच्या डोंगरातली मेंढपाळांची कुत्री. लांडग्यापासनं मेंढरं राखणारी. म्हणजे तिकडच्या तात्यांची कुत्री! तिथल्या धनगराच्या हाताखाली राखण करतात, आणि इथं कुणीतरी फार्महाऊसच्या गेटला बांधून, माणसांत न मिसळू देता, शान म्हणून ठेवलं की ती हिंस्र होतात. खंड्या कुठल्याच यादीत नाही. चार दात त्याचेच होते.

जातीवर कायदा करणं सोपं, कारण यादी छापली की झालं. माणसाला जबाबदार धरणं अवघड, त्याला वही लागते, लस लागते, वही लिहिणारा माणूस लागतो. म्हणून राज्यं सोपं तेवढं आधी करतात असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

गोव्याचं नाव मात्र मी दुसऱ्या कारणानं घेईन. त्यांनी लशीचं काम करून दाखवलंय. वर्षाला ९५,००० पेक्षा जास्त कुत्र्यांना लस, घरची असो की रस्त्यावरची, वाड्या-वाड्यांत जाळी घेऊन फिरून. दर दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते असा हिशोब आहे, तो त्यांनी गाठला. २०२१ मध्ये राज्याला रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. पण गोव्याची हद्द संपली की दोडामार्ग, सावंतवाडी आपलं, पलीकडं खानापूर कर्नाटकाचं. पिसाळलेलं कुत्रं चेकनाक्यावर थांबत नाही. एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात रोग जाऊ नये हा विषयही घटनेत केंद्र आणि राज्य दोघांकडं दिलेला आहे, म्हणजे दिल्लीला वाटलं तर सगळ्या राज्यांना लशीची एकच वही घालून देता येईल. लाळ-खुरकुताची मोहीम देशभर एकदम होतेच की, टॅगसकट.

सुप्रीम कोर्टात ऑगस्ट २०२५ पासून भटक्या कुत्र्यांचं जे चाललं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं. आधी दिल्लीतली सगळी उचला, मग नाही, लस टोचून जागच्या जागी सोडा, मग नोव्हेंबरमध्ये शाळा-दवाखाने-स्टँडवरची हलवा. त्यावर मी बोलत नाही, दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात. मला एवढंच दिसतं की भटकं कुत्रं आकाशातनं पडत नाही. माझ्यासारखा कुणीतरी "कुणाचंच न्हाई" म्हणतो, तेव्हा ते भटकं होतं. पिल्लं झाली की पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडून येणारे आपल्याच गावात आहेत, नावं घ्यायला नकोत.

मग करायचं काय? माझं मत सांगतो.

केरळासारखी वही प्रत्येक ग्रामपंचायतीत पाहिजे. पण नोएडासारखा दंड पहिल्या दिवशी नको. का, तर मला माझाच अनुभव आहे. खेड्यात दहा हजारांचा दंड जाहीर करा, दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलं एक कुत्रं कुणाचं उरणार नाही. शहरात सोसायटीचा वॉचमन सांगतो कुत्रं कुठल्या फ्लॅटचं. वस्तीवर कोण सांगणार? त्यामुळं आधी फुकट नोंद, आणि नोंदीबरोबर लस फुकट. माणूस लशीसाठी नाव लिहून देईल. नाव लागलं की जबाबदारी मागनं लावता येते. दंड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. आणि कुत्री दोन असतील तर एकीची नसबंदी तालुक्याला करायची सोय, कारण आज आमच्या इथनं मादी गाडीत घालून कुठं न्यायची हेच माहीत नसतं.

धनगरांसाठी वेगळं पाहिजे. त्यांना ग्रामपंचायतीचा कागद चालणार नाही. त्यांच्या कुत्र्याला लशीचं कार्ड, आणि ते दोन्ही राज्यांत चालायला पाहिजे. मेंढराच्या टॅगला अथणीत एक आणि कवठेमहांकाळात एक असा नंबर नसतो, एकच असतो. कुत्र्याला का नको?

याला विरोध होणार, मला माहीत आहे. आमचे एक भाऊबंद म्हणाले, आज कुत्र्याची नोंद, उद्या कोंबडीची, मग अंड्यावर कर. हसलो, पण त्यांची भीती खोटी नाही. एकदा वही उघडली की तिच्यात शुल्काचा रकाना कधी येतो कळत नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावातच फुकट हा शब्द लिहून घ्यायचा.

गेल्या वर्षी पशुगणनेला पोरगा आला होता, टॅबवर लिहून घेत होता. गाई किती, म्हशी किती, शेळ्या, कोंबड्या. मग विचारलं, "कुत्रं आहे का पाळलेलं?" मी जरा थांबलो. आई आतनं म्हणाली, "हाय की. एक." त्यानं लिहिलं. खंड्याची सरकारदरबारी ती पहिली नोंद. पण ती गणतीची, आकड्यात गेला, नाव कुणाचं लागलं नाही.

गेल्या मंगळवारी तात्यांचा कळप आला. बुधवारी मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. खंड्या आणि तात्यांची चार अशा पाच कुत्र्यांना लस टोचली. एकाला दीडशे रुपयांच्या आसपास खर्च आला, पाचही मी दिले. रान खतवून घेतोय, एवढं परवडतं. तात्यांच्या मोठ्या कुत्र्यानं डॉक्टरांच्या बॅगेचा पट्टा फाडला, मग तात्यांनी त्याचं तोंड कांबळ्यात गुंडाळून धरलं. डॉक्टरांनी पिवळी कार्डं काढली. वर लिहायचं होतं, मालकाचं नाव.

तात्यांच्या कार्डांवर गावाच्या जागी काय लिहायचं यावर दहा मिनिटं गेली. शेवटी त्यांचं मूळ गाव लिहिलं आणि माझा मोबाइल नंबर. खंड्याच्या कार्डावर मी माझं नाव सांगितलं. विरळणीची टोळी जेवायला सुटली होती, त्या पोराचा बाप शेडपाशी उभा राहून बघत होता. संध्याकाळी त्याच्याशी बोललो, दोन वर्षांपूर्वीच्या बुडालेल्या मजुरीचा हिशोब केला. तो नको नको म्हणत होता. पण पगाराच्या दिवशी घालून देणार आहे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत वहीचा ठराव मांडायचा आहे. सरपंच म्हणतात मांडा, बघू. अर्जाचा मसुदा झाला की इथंच टाकतो, कुणाला आपल्या गावात वापरायचा असेल तर वापरा. केरळात, कर्नाटकात, कुठंही आपली माणसं असतील आणि तुमच्या पंचायतीत कुत्र्यांचं रजिस्टर असेल, तर त्याच्या पानाचा फोटो पाठवा. नावं झाकली तरी चालतील, मला रकाने बघायचे आहेत.

आणि डाऊनीवर काय मारलं ते उद्या लिहितो.